पाठमोरे चाचा

मस्कतमधल्या आमच्या घराची घंटा वाजली आणि दार उघडलं, की शुक्रवारी दुपारी एकच दृश्य दिसायचं. उंबऱ्याशी रेक्झिनची लाल पिशवी, आणि पिशवीपासून तीन पावलं लांब, जिन्याच्या कठड्याशी उभा एक पाठमोरा माणूस. इस्त्रीचा पांढरा शर्ट, बारीक कापलेले करडे केस, मागे बांधलेले हात. हाक मारेपर्यंत हा माणूस वळायचा नाही. दोन मिनिटं लागोत की पाच, समोरच्या डोंगराकडे बघत उभा. कुणाचा चेहरा ओळखीचा असतो, कुणाचा आवाज. चाचांची मला पाठ ओळखीची होती.

चाचा एका छोट्या हॉटेलाचे पार्सल पोचवणारे ड्रायव्हर. ही गोष्ट नव्वदच्या दशकातली, मोबाईल हातोहाती झाले नव्हते तेव्हाची. आम्ही मूळचे वसईचे कॅथलिक. माझा नवरा विल्सन एका इंजिनियरिंग कंपनीत ड्राफ्ट्समन होता, मी घरी, आणि मुलगी सिल्विया पहिलीत. मदिनत सुलतान काबूस या वस्तीत एका बंगल्याच्या मागच्या बाजूला, बाहेरून जिना असलेल्या दोन खोल्या आम्हांला मिळाल्या होत्या. ओमानमध्ये तेव्हा सुट्टी गुरुवार-शुक्रवारची. त्यामुळे आमची चर्चमधली रविवारची मिस्सा शुक्रवारी व्हायची, आणि मिस्सेहून आल्यावर चूल पेटवायची नाही हा माझा कायदा होता. चाचांचा जुम्म्याचा नमाज आटोपला की ते गाडी काढायचे. सव्वा वाजता निघालेली बिर्याणी पावणेदोनला आमच्या उंबऱ्यावर. पिशवीला मसाल्याचा वास आणि चाचांना अत्तराचा.

पहिले दोन महिने आमच्यात "पार्सल मॅडम" आणि "शुक्रिया" यापलीकडे काही बोलणं झालं नाही. मग एका शुक्रवारी दार उघडता उघडता मी सिल्वियावर खेकसले, "चपला घाल आधी, पाय भाजतील!" तर पाठमोरा शर्ट हलला. न वळताच प्रश्न आला, "कुठलं गाव, बाय?" मी म्हटलं, वसई. तेव्हा कुठे ते वळले. पन्नाशीचा, उन्हाने रापलेला, हसरा चेहरा. "मी श्रीवर्धनकडचा. म्हंजे आपण एकाच दर्याचे." त्या दिवसापासून मी मॅडमची बाय झाले आणि ते चाचा झाले. परमुलखात आपली भाषा बोलणारा माणूस भेटला की काय वाटतं, ते ज्याचं त्यालाच ठाऊक. मला तर त्या दिवशी बिर्याणीपेक्षा ते "बाय"च जास्त गोड लागलं.

असं पाठ फिरवून का उभं राहता, हे विचारायला मला आणखी सहा महिने लागले. चाचा म्हणाले, "घर म्हंजे घर, बाय. कोण कसा बसलाय, कोणाच्या डोक्यावर ओढणी नाय, कोण रडतंय. दार उघडलं तं सगळं दिसतं. मी जेवाण द्यायला आलो, बघायला नाय." कितीतरी ओमानी घरांत दार उघडणाऱ्या बाईचा त्यांना आवाजसुद्धा ऐकू येत नसे. ती पार्सल उचलायची, बिलाचे पैसे पिशवीच्या पुढच्या कप्प्यात टाकायची आणि दार लावून घ्यायची. कडी वाजली की चाचा वळायचे, पिशवी उचलायचे आणि चालू लागायचे. पैसे तिथल्या तिथे बघायचेही नाहीत. मी म्हटलं, "आणि कुणी कमी टाकले तर?" ते म्हणाले, "ज्याच्याकडं पाठ केली, त्याच्यावर भरवसा केला. नायतर पाठ कशाला करायची?"

या पाठमोरेपणामुळे त्यांना एक अजब विद्या आली होती. मस्कतमध्ये तेव्हा गल्ल्यांना नंबर होते, घरांनाही होते, पण ते कुणाला माहीत नसत. मशिदीच्या मागे, अमुक चौकाच्या पुढे, असे पत्ते. बाकीचे ड्रायव्हर घर शोधत अर्धा अर्धा तास फिरायचे. चाचा कधी चुकले नाहीत, कारण ते घर घराकडे बघून ओळखत नसत. घराच्या दारातून काय दिसतं, त्यावरून ओळखत. कुणाच्या दारातून पाण्याची हिरवी टाकी, कुणाच्या दारातून बोरीचं झाड आणि त्याखाली झोपणारी शेळी. शे-दीडशे घरं त्यांच्या डोक्यात अशी उलट्या बाजूने बसवलेली होती. एकदा मला म्हणाले, "तुझ्या दारातून काय दिसतं, सांग." मी म्हटलं, डोंगर. ते हसले. "डोंगर तं सगळ्या मस्कतला दिसतो. तुझ्या डोंगराला नाक हाय. सांजच्याला फेरीत बघतो, त्या नाकाची सावली समोरच्या पाण्याच्या टाकीवर येते." दोन वर्षं त्या घरात राहून मला ते नाक दिसलं नव्हतं. ते गेल्यावर मी कठड्याशी उभी राहिले, आणि खरंच, चांगलं धारदार नाक होतं. मी थक्क झाले. आपल्या घराचं पाहण्यासारखं जे काही होतं, ते या माणसाने आपल्याकडे पाठ करून पाहिलं होतं.

आता बक्षिसाकडे येते, कारण खरी गोष्ट तिथेच आहे.

आमच्या घरात टिप हा भांडणाचा विषय होता. माझी आई वसईला दारात आलेल्या कुणालाही रिकाम्या हाताने पाठवत नसे. मासळीवाली असो की नारळ उतरवणारा, ठरलेले पैसे दिल्यावर वर "हातावर काहीतरी" ठेवल्याशिवाय तिला चैन पडत नसे. मी त्याच वळणाची. विल्सनचं मत उलट. "टिप म्हणजे मालकाच्या कंजुषीवर आपण घातलेलं पांघरूण," तो म्हणायचा. "पगार नीट द्यायचा नाही, आणि गिऱ्हाइकाच्या दयेवर माणूस सोडायचा. मी देणार नाही." तत्त्व म्हणून ते चोख होतं. पण पंचेचाळीस डिग्रीत एक पन्नाशीचा माणूस तुमचा जिना चढून येतो, आणि तुम्ही शेवटच्या बैशापर्यंत, म्हणजे तिथल्या पै-पैपर्यंत, सुट्टे मोजून घेऊन एसीचं दार लावता, तेव्हा तत्त्वाने काही समाधान होत नाही. मला तरी होत नसे.

आणि स्वतः चाचा? दोनतीनदा मी नोट पुढे केली होती. दरवेळी त्यांनी हात छातीवर ठेवून मान हलवली. "पगार अर्बाबाचा, दुवा गिऱ्हाइकाची. तिसरं मना नको." अर्बाब म्हणजे तिकडचा मालक. फक्त पाणी घ्यायचे. उन्हाळ्यात एक ग्लास, पायरीवर बसून, तीन घोटांत. एकदा मी हट्टालाच पेटले. म्हटलं, "सगळे घेतात. त्यात वाईट काय?" तेव्हा त्यांनी जे सांगितलं ते मी जन्मात विसरणार नाही. "घेतात त्यांना मी वाईट नाय बोलत, बाय. पण माझं सांगतो. आज घेतलं, तं उद्या मी दाराकडं बघणार. हे दार देतं, ते दार देत नाय. मग पाठ कशी करू?"

यापुढे शहाण्या बाईने गप्प बसायचं असतं. मी बसले नाही.

त्या जून महिन्यात एका शुक्रवारी विल्सनचे दोन मित्र अचानक जेवायला आले आणि पार्सल कमी पडलं. चाचा एकदा येऊन गेले होते, पुन्हा बोलावले. दुसऱ्यांदा आले तेव्हा शर्ट पाठीला चिकटलेला, मानेवरून घामाच्या धारा. दार उघडून मी ती ओली पाठ बघितली आणि मला राहवलं नाही. आवाज न करता स्वयंपाकघरात गेले. आईने वसईहून पाठवलेलं मराठी कॅलेंडर तिथे खिळ्याला होतं. त्याचं मे महिन्याचं उलटलेलं पान होतं, त्याचा कोपरा फाडला, एक रियालची नोट त्यात घालून घट्ट पुडी बांधली. आपल्याकडे पैसे असे उघडे देत नाहीत, पुडी करून देतात. आई तशीच द्यायची. पाय न वाजवता उंबऱ्याशी आले, पिशवीच्या आतल्या छोट्या कप्प्यात पुडी खोल सरकवली, आणि मग हाक मारली, "चाचा!" ते वळले, हसले, पिशवी उचलून गेले. आत विल्सन मित्रांना टिप का देऊ नये हे समजावत होता. एकाच वेळी दोघांच्या पाठीमागे मी माझं पुण्य उरकून घेतलं होतं, आणि खरं सांगते, त्या दुपारी स्वतःवर भलतीच खूश होते.

पुढच्या शुक्रवारी घंटा वाजली, दार उघडलं, तर समोर थेट चेहरा. वेगळाच ड्रायव्हर, मिश्या असलेला, घाईत. मी विचारलं, "चाचा किधर?"

"चाचा खलास," तो म्हणाला. "चोरी किया. अभी किचन में प्याज छिलता है. परसों अर्बाब आएगा, विसा कॅन्सल."

पार्सल मी तिथेच खाली ठेवलं. मी खोदून खोदून विचारलं तेव्हा कळलं ते असं. महिन्याभरापूर्वी त्या हॉटेलचा एक ड्रायव्हर "रेट वाढलेत" म्हणून गिऱ्हाइकांकडून जादा पैसे काढताना सापडला होता. तेव्हापासून फेरीहून आलं की मॅनेजरसमोर पिशवी पालथी करायची, बिलापेक्षा एक बैसाही जास्त सापडला तर चोरी समजायची, असा नियम झाला होता. चाचांनी हा नियम मला कधी सांगितला नव्हता. त्यांना सांगायची गरजच नव्हती. त्या शुक्रवारी पिशवी पालथी केली, कप्पे झटकले, आणि आतल्या कप्प्यातून पुडी पडली. कागदात गुंडाळलेली, खोल लपवलेली नोट. मॅनेजरने विचारलं, कुठल्या घरातून आली ते सांग, फोन करून खात्री करतो. चाचा म्हणाले, मला माहीत नाही. मग सगळेच चोरी धरून चालले.

चाचांच्या गावातली अर्धी घरं मस्कत-दुबईच्या कमाईवर उभी. अशा गावात माणूस विमानातून उतरायच्या आधी त्याची बातमी उतरते. ज्या माणसाने वीस वर्षं कुणाच्या दाराकडे बघितलं नाही, तो आता चोर होऊन घरी जाणार होता, आणि ते माझ्या पुण्यामुळे.

मी विल्सनला सगळं सांगितलं. वाटलं होतं, आता तत्त्वावर भाषण ऐकावं लागणार. त्याने गाडीची किल्ली घेतली आणि म्हणाला, "ते कॅलेंडर काढून घे."

हॉटेलात दुपारची गर्दी ओसरली होती. काउंटरवर मॅनेजर, चांगला थकलेला गृहस्थ. मी सांगितलं, ती नोट माझी, मी त्यांना न सांगता ठेवली. त्याने माझ्याकडे सहानुभूतीने बघितलं. "मॅडम, आप का दिल अच्छा है. आप को उस पर तरस आ गया. लेकिन उस ने खुद बोला, मालूम नहीं किस का है."

मी म्हटलं, "वो पुडी का कागज है आप के पास?"

अर्बाबना दाखवायला म्हणून त्याने तो ड्रॉवरमध्ये नोटेसकट ठेवला होता. विल्सनने काउंटरवर मे महिन्याचं पान पसरलं. ड्राफ्ट्समनच तो, फाटलेला कोपरा दोन बोटांनी उलगडला आणि कडेला कड लावली. अर्ध्यावर तुटलेला शेवटचा रविवार जुळून पूर्ण झाला. मॅनेजरने जुळलेल्या कडेवरून बोट फिरवलं. मग उठला, स्वतः किचनच्या दाराशी गेला आणि त्याने चाचांना बोलावलं. चाचा डोळे पुसत आले. कांद्याने, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं.

मॅनेजर वाईट माणूस नव्हता. त्याने सगळ्यांसमोर माफी मागितली, चहा मागवला. विल्सनने चहा घेता घेता त्याला ऐकवलंच, "टिप बंद किया, अच्छा किया. अब पगार बढाओ." मॅनेजर म्हणाला, "इन्शाल्ला." त्या इन्शाल्लाचा अर्थ 'बघू कधीतरी', हे गल्फमध्ये राहिलेल्या सगळ्यांना समजतं.

मी मात्र चाचांकडे वळले. मला कळतच नव्हतं. कागदावर मराठी अक्षरं होती. त्यांच्या फेरीत मराठी घरं मोजून तीन. म्हटलं, "चाचा, तुम्हांला अंदाज आला नसेल असं नाही. नाव का नाही सांगितलंत? एक फोन, की सुटला असतात."

ते म्हणाले, "मी पाठ केली होती, बाय. पाठीमागं कोणी काय टाकलं, मी बघितलं नाय. जे बघितलं नाय, त्यात कोणाचं नाव कसं घेऊ? माझा अंदाज खोटा ठरला तं? दुसऱ्याच्या घरी फोन जाईल, की तुमी चोरीत हाय का."

नोकरी जात होती, नाव जात होतं, आणि हा माणूस मराठी बोलणाऱ्या तीन घरांपैकी कुठल्याही घराची घंटा उगीच वाजू नये म्हणून कांदे सोलत बसला होता. मी चर्चमध्ये पुष्कळ प्रवचनं ऐकली आहेत. गुडघे टेकावेत असं मला त्या हॉटेलच्या काउंटरपाशी वाटलं. मी "चुकलं माझं" म्हटलं. त्यांनी नेहमीसारखा हात छातीवर ठेवला, "चूक नाय, बाय. तुझं मन मोठं. पण..." असं म्हणाले, आणि चहाचे रिकामे कप उचलू लागले.

तो "पण" मला पुढच्या शुक्रवारी समजला. घंटा वाजली. मी धावत दार उघडलं. चाचाच होते. पण पाठमोरे नव्हते. दाराच्या जरा बाजूला, नजर खाली, लाल पिशवी दोन्ही हातांनी छातीशी धरलेली. पार्सल स्वतः काढून दिलं, पैसे हातात घेतले, तिथेच मोजले, आणि "येतो बाय" म्हणून गेले. हसणं तेच, अत्तर तेच, पाण्याचा ग्लासही घेतला. सिल्वियाने मात्र लगेच ओळखलं. "मम्मा, चाचा टर्न का नाही केले?" मी तिला म्हटलं, जेवून घे.

पुढची आठनऊ वर्षं चाचा आमच्याकडे येत राहिले. बाकीच्या घरांत ते पूर्वीसारखेच उभे राहत. खालच्या मजल्यावरच्या ओमानी कुटुंबाच्या दारात मी वरून पाहत असे, बागेकडे तोंड केलेली ती पाठ. फक्त आमच्याच दारात ते समोर उभे राहायचे. त्यात राग नव्हता, टोमणा नव्हता. त्यांना शिक्षा द्यायची असती तर मी ती आनंदाने भोगली असती. त्यांच्या दृष्टीने हिशेब साधा होता: या दारात पाठ केली, तर काहीतरी होतं.

मी त्यानंतर कुणालाही टिप चोरून दिली नाही. आता आम्ही वसईला परत आलो आहोत. कुणी जेवण घेऊन दारात आलं, तर मी आधी पाणी विचारते, मग समोरून, तोंडाकडे बघून, "घेणार का?" असं विचारते. घेतलं तर हातात देते, नाही म्हटलं तर हट्ट करत नाही. विल्सन अजून देत नाही. पण हॉटेलवाल्याला फोन करून पोरांना पगार काय देता, असं विचारतो, आणि आता बरीच हॉटेलं आमचा नंबर बघून फोनच उचलत नाहीत. द्यावं की देऊ नये, याचं उत्तर आमच्या घरात आजही एक नाही. कसं देऊ नये, एवढं मात्र मला कळलं.

चाचा मस्कत सोडून गेले तेव्हा सिल्विया कॉलेजसाठी मुंबईला गेली होती. शुक्रवार नव्हता, आम्ही काही मागवलंही नव्हतं, तरी संध्याकाळी घंटा वाजली. दारात चाचा, हातात लाल पिशवी. पिशवी आता विटून गेली होती आणि केस पार पांढरे. "आज पार्सल नाय," ते म्हणाले. "नोकरी खलास. उद्याचं तिकीट. ही पिशवी मॅनेजरनं मनाच देऊन टाकली. सगळ्या दारांना सलाम करत फिरतोय."

इतक्या वर्षांत ते पहिल्यांदा आत आले. खुर्चीच्या कडेवर बसून चहा घेतला, सिल्वियाचं विचारलं, विल्सनला म्हणाले, "पगार वाढला होता बरं का, साहेब. दोनदा." विल्सनने त्यांच्या कपात आणखी चहा ओतला. मला द्यायला काही सुचेना. मनात खूप होतं, पण त्या माणसासमोर हात पुढे करायची माझी हिंमत कधीच संपली होती.

ते उठले. मी दारापर्यंत गेले. उंबऱ्याबाहेर पाऊल टाकून चाचा थांबले. पिशवी खाली, उंबऱ्याशी ठेवली, तिची चेन उघडली. तीन पावलं चालत कठड्याशी गेले. हात मागे बांधले आणि माझ्याकडे पाठ करून उभे राहिले.

"टाक बाय, काय टाकायचं तं," ते म्हणाले. "मी डोंगर बघतो."

मी स्वयंपाकघरात गेले. कॅलेंडरचा कोपरा फाडायला गेले, तर घाईत अर्धं पान खाली आलं. एक रियालची नोट, त्याच घड्या, तीच पुडी. उंबऱ्याशी बसून मी ती आतल्या कप्प्यात सरकवली, अगदी खोल. समोर डोंगराच्या नाकाची सावली टाकीवर आली होती, आणि तिच्या अलीकडे तो पांढरा शर्ट, ती ओळखीची पाठ, इतक्या वर्षांनी माझ्या दारात.

आता हाक मारायची एवढंच उरलं होतं. हाक मारली की चाचा वळणार, पिशवी उचलणार आणि जाणार, हे मला ठाऊक होतं. म्हणून मी बराच वेळ हाक मारलीच नाही. आणि चाचाही वळले नाहीत.